उपेक्षा म्हणजे जवळून पाहणे
प्रस्तावना

ध्यानाविषयी मराठीत बोलायला बसले की पहिली अडचण शब्दांची येते. शब्द आपल्याकडे नाहीत असे नव्हे, मुबलक आहेत. पण ते रोजच्या व्यवहारात दुसऱ्याच कामाला लागले आहेत. ‘उपेक्षा’ म्हटले की कुणी न विचारलेला कलावंत आठवतो, म्हातारपणी एकटी पडलेली आई आठवते. ‘उदासीन’ म्हटले की पडलेला चेहरा डोळ्यांपुढे येतो. ‘तटस्थ’ माणूस म्हणजे गल्लीतले भांडण खिडकीतून बघणारा शेजारी. आणि ‘सहज’ हा तर दारात उभ्या असलेल्या पाहुण्याचा शब्द: काही काम नव्हते, सहज आलो होतो. हे चारही शब्द ध्यानाच्या विचारातही वावरले आहेत, आणि या पुस्तकाचा सगळा विषय त्यांच्या पोटात साठवलेला आहे.

त्यांच्या घडणीकडे पाहिले की चित्र पालटते. ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. उपेक्षा म्हणजे जवळून पाहणे. संस्कृतातही या शब्दाला दुर्लक्षाचा अर्थ आहेच, पण बौद्ध आणि योग या दोन्ही परंपरांनी पाहण्याचा धागा धरला आणि तो साधनेच्या फार वरच्या पायरीपर्यंत नेला. उदासीन म्हणजे वर बसलेला, बाजूला बसलेला. कौटिल्याच्या राजनीतीत उदासीन राजा हा खिन्न राजा नसतो. इतरांच्या झगड्यात न ओढला गेलेला आणि बळाने त्या सर्वांना पुरून उरणारा असा तो राजा असतो. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. तो प्रवाहात नाही, पण प्रवाहापासून दूरही नाही, आणि नदी कशी वाहते आहे हे पोहणाऱ्यापेक्षा त्याला अधिक स्पष्ट दिसते. सहज म्हणजे सह-ज, आपल्याबरोबर जन्मलेले. पाहुण्याच्या तोंडच्या ‘सहज’मध्ये हेतू नसण्याची जी मोकळीक आहे, तिच्यात या मूळ अर्थाचा थोडासा गंध अजून शिल्लक आहे असे मला नेहमी वाटते.

तेव्हा या पुस्तकात दोन प्रश्नांचा शोध आहे. मनात जे जे उमटते त्यात न गुंतता ते पाहता येते का? आणि हे पाहणे खटपटीने घडवावे लागते, की ते आधीपासून चाललेलेच असते आणि खटपट थांबली की लक्षात येते? पहिला प्रश्न अलिप्ततेचा आहे, दुसरा अनायास जागेपणाचा. वरवर पाहता ते दोन स्वतंत्र प्रश्न वाटतात. पण वाचकांनी थोडे पुढे चालून पाहावे. एकाचे उत्तर शोधता शोधता दुसरा समोर येऊन उभा राहतो, कारण ज्याला आपण खटपट म्हणतो तिच्यात बहुतेक वेळा काहीतरी मिळवण्याची किंवा टाळण्याची गुंतवणूक लपलेली असते.

हा विषय परदेशी पुस्तकांतून आपल्याकडे आला असे आज अनेक तरुण वाचकांना वाटते. त्यात त्यांचा दोष नाही. मात्र मराठी वाचक या विषयाच्या बाबतीत किती भाग्यवान जागी बसला आहे हे त्याला कुणीतरी सांगायला हवे. प्रवरेकाठी नेवाशाला शके १२१२ मध्ये गीतेवरची टीका मराठीत पूर्ण झाली आणि ध्यानयोगाचा सहावा अध्याय संस्कृत न जाणणाऱ्यांच्या हाती आला. गोव्यातल्या साखवाळला १८७६ मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी घर सोडून नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असे फिरले, पाली शिकले, आणि जे शिकले ते मराठीत लिहीत राहिले. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करून योगाचा प्रयोगशाळेत आणि ग्रंथालयात एकाच वेळी अभ्यास सुरू केला. १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर पाली शब्द लाखो मराठी घरांत बोलले जाऊ लागले. मुंबईच्या खेतवाडीत विडीचे दुकान चालवणारे एक गृहस्थ साक्षित्वाबद्दल मराठीत बोलत आणि ते ऐकायला जगभरातून माणसे येत. इगतपुरीच्या डोंगराखाली १९७६ पासून दहा दिवसांच्या मौनाची शिबिरे भरत आहेत. इतके प्रवाह एकाच भाषेच्या अंगणातून वाहताना फार थोड्या ठिकाणी दिसतील.

आता थोडे तपशिलात जाऊ, आणि सुरुवात उपेक्षेपासूनच करू. तिच्याविषयीचा गैरसमज सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत महाग आहे.

पाचव्या शतकात सिंहलद्वीपातल्या अनुराधपुराच्या महाविहारात बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ लिहिला. पाली ध्यानपरंपरेचा हा महाकोश. कोसंबींनी त्याच्या संपादनासाठी आयुष्याची कितीतरी वर्षे दिली. या ग्रंथात ध्यानाचे चाळीस विषय सांगितले आहेत, आणि एकट्या उपेक्खेचे दहा प्रकार वेगळे केले आहेत. सुखही नाही आणि दुःखही नाही अशी साधी संवेदना हा त्यातला एक. प्रयत्न फार ताणलेला नाही आणि फार सैलही नाही अशी स्थिती हा दुसरा. ध्यानाच्या वरच्या अवस्थांतली निर्मळ समता हा आणखी एक. ज्या परंपरेला एका शब्दाचे दहा पदर उलगडावेसे वाटले, तिने त्या शब्दाला ‘काही न वाटणे’ इतक्या स्वस्तात सोडलेले नाही हे उघड आहे.

त्याच ग्रंथात एक कल्पना आहे, आणि मला ती या सगळ्या क्षेत्रातली सर्वांत उपयोगी कल्पना वाटते. बुद्धघोष म्हणतो की प्रत्येक चांगल्या भावनेला दोन शत्रू असतात, एक दूरचा आणि एक जवळचा. दूरचा शत्रू म्हणजे उघड विरोधी भाव; तो ओळखू येतो. जवळचा शत्रू त्या भावनेसारखाच दिसतो, तिचेच कपडे घालून येतो, म्हणून तो अधिक घातक. उपेक्षेचे दूरचे शत्रू म्हणजे आसक्ती आणि द्वेष. आणि जवळचा शत्रू कोण? न समजल्यामुळे आलेली बेपर्वाई. मला काही फरक पडत नाही, असे म्हणणारा माणूस बाहेरून समतोल दिसतो, पण त्याने काही पाहिलेलेच नसते. ज्याने नीट पाहिले आहे आणि तरीही जो ढळला नाही, तो उपेक्षक. ज्याने पाहायचे टाळले, तो केवळ बधिर. ध्यानाला बसणाऱ्या कित्येकांची वर्षे या जवळच्या शत्रूच्या पाहुणचारात गेली आहेत. मी स्वतः त्यांतला एक होतो. घरातल्या एका आजारपणात मी फार शांत राहिलो म्हणून मला माझाच अभिमान वाटला होता. नंतर कळले की त्या आठवड्यात मी आजारी माणसाकडे धड पाहिलेही नव्हते.

या धोक्यावरचा उपाय परंपरेने क्रमातच बांधून ठेवला आहे. उपेक्षा एकटी येत नाही. मैत्री, करुणा आणि मुदिता या तिघींनंतर तिचा क्रम लागतो, आणि हा चौघींचा संच पतंजलीच्या योगसूत्रांच्या पहिल्या पादातही याच क्रमाने आहे. विसुद्धिमग्गात तर अट अधिक कडक आहे: आधीच्या तीन भावनांमध्ये ध्यानाची खोली गाठल्याशिवाय उपेक्षेची भावना हाती घेताच येत नाही. ज्याने माया केली नाही, दुसऱ्याच्या दुःखाने जो हलला नाही, दुसऱ्याच्या सुखाने ज्याला आनंद झाला नाही, त्याला अलिप्ततेच्या वर्गात प्रवेशच नाही. अलिप्तता म्हणजे कोरडेपणा असे ज्यांना वाटते आणि म्हणून ज्यांना या विषयाची भीती वाटते, त्यांनी ही अट मनात ठेवून पुढची पाने उलटावीत.

योगसूत्रांकडे वळल्यावर अलिप्ततेला दुसरे नाव मिळते, वैराग्य. पतंजली चित्तवृत्तींच्या निरोधासाठी अभ्यास आणि वैराग्य अशी जोडी सांगतो. गीतेच्या सहाव्या अध्यायातही मनाच्या चंचलपणावर हीच जोडी सुचवली आहे. अभ्यास म्हणजे टिकून राहण्याचा यत्न, आणि वैराग्य म्हणजे सोडणे. एक हात धरतो, दुसरा सोडतो. या जोडीवर विचार करताना वाचकांनी आसनाविषयीच्या सूत्रांकडेही लक्ष द्यावे. तिथे ‘प्रयत्नशैथिल्य’ असा एक शब्द येतो. आसन स्थिर आणि सुखाचे कसे होते, तर प्रयत्न सैल करून. ज्या शास्त्राचे नाव घेताच लोकांना घाम, ताण आणि पीळ आठवतो, त्याच्या पायाभूत ग्रंथाने बसण्याची रीत सांगताना सैल सोडण्याला असा मान दिला आहे. पुढे पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामाने हठप्रदीपिकेत समाधीचे समानार्थी शब्द एकत्र दिले. त्या यादीत उन्मनी आहे, अमनस्क आहे, तुर्या आहे, आणि सहजही आहे. हठाचा, म्हणजे जोर लावण्याचा, ग्रंथ आपल्या शेवटच्या टप्प्याला सहज म्हणतो, यात विसंगती नाही. ती या मार्गाची चालच आहे.

सांख्यांनी हीच गोष्ट तत्त्वाच्या बाजूने मांडली. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत पुरुषाची म्हणजे चैतन्याची लक्षणे सांगताना साक्षित्व, कैवल्य, माध्यस्थ्य, द्रष्टृत्व आणि अकर्तृभाव अशी पाच नावे येतात. ही लक्षणे कुठल्या साधकाने कमावलेली नाहीत. चैतन्य असतेच असे. साधकाला काही व्हायचे नसते. जे आहे त्याची चुकीची ओळख तेवढी सुटायची असते. अनायास जागेपणाचा सिद्धांत इथून सुरू होतो असे म्हणायला हरकत नाही.

पण मग प्रयत्न कशासाठी? प्रत्येक नवा वाचक हा प्रश्न विचारतो आणि त्याने तो विचारायलाच हवा. उत्तरासाठी मला राजगृहातल्या सोण कोळिवीसाची गोष्ट सर्वांत जवळची वाटते. सुखवस्तू घरातला हा कोवळ्या पायांचा तरुण भिक्षू झाला आणि शीतवनात चंक्रमण करताना, म्हणजे ध्यानाच्या येरझारा घालताना, त्याने इतका जोर लावला की पायांतून रक्त येऊन वाट माखली. तरी मन मोकळे होईना, तेव्हा घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. बुद्धाने त्याला त्याच्याच जुन्या छंदाची आठवण करून दिली. तू वीणा वाजवत होतास. तारा फार ताणल्या तर ती वाजत होती का, आणि फार सैल असल्या तर? सोणाला जे समजायचे ते समजले. त्याला प्रयत्न सोडायला कुणी सांगितले नव्हते, तो सुरात आणायला सांगितले होते.

आपल्याकडच्या वाचकांना ही गोष्ट तानपुऱ्यावर अधिक चांगली कळेल. मिरजेच्या कारागिरांनी घडवलेला एखादा चांगला तानपुरा घ्या. त्याच्या चार तारांत पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज. गंधाराची तार त्यात नसते. गवई खुंट्या पिळतो, मणके सरकवतो, घोडीवर तारेखाली जवारीचा दोरा केसभर पुढे-मागे करतो. या कामाला वेळ लागतो, कान लागतो, आणि नवशिक्याची चिडचिडही होते. मग कधीतरी सगळे जुळते आणि न छेडलेला गंधार खर्जातून आपला आपण ऐकू येऊ लागतो. गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो गंधार कुणी वाजवला नाही, पण तारा लावल्याशिवाय तो ऐकूही आला नसता. तुम्ही आसनावर बसता, श्वासाकडे लक्ष नेता, ते सुटते, पुन्हा आणता, हे सगळे खुंट्या पिळणे आहे. ते करायचेच. फक्त गंधाराची तार शोधत बसायचे नाही. कित्येक साधक नेमके तेच करतात, आणि सापडली नाही म्हणून वाद्यच बाजूला ठेवतात.

प्रयत्न किती काळ, आणि त्याची गरज आहे का, यावर परंपरेत मोठे वाद झाले आहेत आणि वाचकांनी ते टाळू नयेत. तिबेटी परंपरा सांगते की आठव्या शतकात सम्ये विहारात चीनचा मोहेयन आणि भारतातला कमलशील यांच्यात याच मुद्द्यावर वाद झाला: मनात काही न आणणे पुरेसे आहे, की विचाराने तपासत पायरीपायरीने जावे लागते? जपानमध्ये दोगेनने तेराव्या शतकात नुसते बसणे हीच साधना आणि तेच फळ असे शिकवले. आपल्या इंचगिरी संप्रदायाने हाच प्रश्न दोन प्राण्यांच्या चालीत ठेवला. मुंगी झाडावर चढून फळापर्यंत जाते तो पिपीलिका मार्ग. पक्षी एका झेपेत फांदीवर उतरतो तो विहंगम मार्ग. उमदीच्या भाऊसाहेब महाराजांनी नामध्यानाची मुंगीची वाट कसोशीने चालवली. त्यांच्या एका शिष्याने, गुरुदेव रा. द. रानडे यांनी, तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाची शिस्त तिला जोडली, आणि महाराष्ट्रातल्या संतांच्या अनुभवमार्गावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज विवेकाच्या जोरावर पक्ष्याची वाट सांगू लागले. एका गुरूच्या दोन शिष्यांनी दोन वाटा धराव्यात आणि परंपरेने दोन्ही जपाव्यात, याचे मला फार कौतुक वाटते. माझे मत विचाराल तर पक्ष्याची वाट खरी आहे, पण आपल्याला पंख आहेत हे बहुतेकांना मुंगीसारखे बरेच चालल्यावरच कळते.

सिद्धरामेश्वरांना १९३३ मध्ये भेटलेले मारुती कांबळी पुढे निसर्गदत्त महाराज म्हणून ओळखले गेले. मुंबईत जन्म, मालवणजवळच्या कांदळगावात बालपण, मग पुन्हा मुंबईत लहानसा व्यापार. गुरूंच्या निधनानंतर ते काही काळ घर सोडून फिरले आणि परत आले. पुढचे आयुष्य संसारात आणि दुकानात गेले. खेतवाडीतल्या घराच्या पोटमाळ्यावर ते मराठीत बोलत. ती संभाषणे ध्वनिमुद्रित करून मॉरिस फ्रीडमन या पोलंडमधल्या अभियंत्याने इंग्रजीत आणली आणि १९७३ मध्ये ‘आय ॲम दॅट’ हे पुस्तक निघाले. हेच फ्रीडमन पूर्वी औंध संस्थानातल्या स्वराज्याच्या प्रयोगात सहभागी झाले होते, हे वाचकांना सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. निसर्गदत्तांच्या सांगण्याचा गाभा असा की ‘मी आहे’ या जाणिवेत स्थिर व्हावे, आणि ही जाणीवही येते-जाते हे ज्याला कळते त्याच्याकडे वळावे. ‘जाणीव’ हा आपला अगदी घरगुती शब्द. कर्तव्याची जाणीव करून देण्यापलीकडे आपण तो फारसा वापरत नाही. खेतवाडीत त्या शब्दाने किती वजन उचलले हे पाहिले की आपल्या भाषेविषयी आदर वाटतो.

याच काळात विमला ठकार या दुसऱ्या मराठी भाषिक विदुषी वेगळ्या दिशेने इथेच पोचल्या होत्या. भूदान चळवळीत गावोगाव पायपीट केलेल्या विमलाताईंची १९५६ मध्ये जे. कृष्णमूर्तींशी भेट झाली. निवड न करता, नाव न ठेवता पाहणे हे कृष्णमूर्तींचे सूत्र होते, आणि कोणतीही पद्धत म्हणजे पुन्हा खटपटच, असा त्यांचा आग्रह होता. विमलाताईंनी मौनावर भर दिला, पण समाजाकडे पाठ फिरवली नाही. अलिप्तता माणसाला निष्क्रिय करते का, या प्रश्नावर मी कुणाला पाठ्यपुस्तक सुचवत नाही, विमलाताईंचे आयुष्य वाचायला सांगतो.

या सगळ्याच्या मुळाशी, मराठीपुरते बोलायचे तर, ज्ञानदेव आहेत. सहाव्या अध्यायात त्यांनी नाथपंथाची कुंडलिनीची वाट इतकी डोळ्यांपुढे उभी केली आहे की कित्येक वाचक तिथेच रमून थांबतात. त्यांनी थांबू नये. चांगदेव पासष्टीच्या अवघ्या पासष्ट ओव्यांत पाहणारा, पाहायची वस्तू आणि पाहणे ही त्रिपुटी विरघळवून दाखवली आहे. साक्षीभावाच्या शिकवणीत पाहणारा वेगळा आणि दृश्य वेगळे असा एक दुरावा राहून जातो. अलिप्तता शिकणाऱ्याच्या मनात तो दुरावा पुष्कळदा ताठ होऊन बसतो. ज्ञानदेव त्या ताठरपणाला हात घालतात. आणि अमृतानुभवात ते आणखी एक पाऊल टाकतात. दहा प्रकरणांच्या या ग्रंथात अज्ञानाचे खंडन तर आहेच, पण ज्ञानाचेही आहे. जे कधी नव्हतेच ते अज्ञान घालवण्यासाठी ज्ञानाची खटपट कशाला, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख आहे. शेवटाकडे ते अकृत्रिम भक्तीपाशी येतात. तिथे चालणे-बोलणे, खाणे-पिणे हीच पूजा होते, कारण वेगळे काही करायला कुणी उरलेला नसतो. अनायास जागेपणाबद्दल मी जे काही वाचले आहे त्यात याहून धीट मांडणी मला आढळलेली नाही, आणि ती आपल्या भाषेत आहे.

वैद्यकाने या विषयाकडे वळून पाहिले त्यालाही आता बरीच वर्षे झाली. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या रुग्णांसाठी सजगतेचा कार्यक्रम सुरू केला, आणि त्यातून संशोधनाची एक मोठी शाखा वाढली. या पुस्तकात तिचा परामर्श थोडक्यातच घेतला आहे. मात्र त्या अनुभवातून निघालेली एक सूचना इथे आवर्जून सांगतो. मन फार दुखावलेले असेल, तीव्र नैराश्य असेल, किंवा मानसिक आजारावर उपचार चालू असतील, तर लांब मौनाच्या शिबिराला जाण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. यात कमीपणा काही नाही. तुटायच्या बेताला आलेल्या तारेवर खुंटी पिळत नाहीत.

आता वाचावे कसे, याविषयी. अमृतानुभवाचे कौतुक इतके केल्यावर तुम्ही तोच आधी उघडाल अशी मला शंका आहे. उघडा, पण तिथून सुरुवात करू नका. आरंभासाठी पाली सतिपट्ठान सुत्तासारखा दुसरा ग्रंथ नाही. तो मज्झिम निकायात आहे आणि त्याचे विस्तृत रूप दीघ निकायात. काया, वेदना, चित्त आणि धम्म असे पाहण्याचे चार प्रांत त्यात आहेत, आणि त्याची भाषा विलक्षण साधी आहे. श्वास लांब असेल तर लांब आहे एवढे जाणायचे, आखूड असेल तर आखूड. तो बदलायची सूचना या पहिल्या पायरीवर नाही. सोबतीला कोसंबींचे ‘भगवान बुद्ध’ आणि ‘निवेदन’ हे आत्मकथन ठेवा; एका माणसाने या शब्दांसाठी किती पायपीट केली हे कळले की शब्दांची किंमत कळते. नंतर योगसूत्रांचा पहिला पाद, मग ज्ञानेश्वरीचा सहावा आणि बारावा अध्याय, त्यानंतर पासष्टी. निसर्गदत्तांची संभाषणे मधेच कुठेही वाचली तरी चालतील, पण एका बैठकीत दोन-तीन पानांवर जाऊ नका.

आणि वाचनाबरोबर थोडे बसाही. गुडघे दुखतात, डास चावतात, शेजारच्या घरात कुकरची शिट्टी होते; हे सगळे अडथळे वाटतात, पण याच गोष्टींवर पाहण्याचा सराव होतो. इगतपुरीच्या शिबिरांत सत्यनारायण गोयंका साधकांना शरीरभर उमटणाऱ्या संवेदना समतेने पाहायला लावत. ब्रह्मदेशातल्या मंडालेत जन्मलेल्या आणि १९६९ मध्ये भारतात आलेल्या या व्यापारी गृहस्थाचा सारा भर एका गोष्टीवर होता: सुखद संवेदनेला चिकटू नये, दुखऱ्या संवेदनेला ढकलू नये. घरी बसतानाही तुम्हाला हे करून पाहता येईल. खाज सुटली की हात लगेच उचलू नका. ती कुठे सुरू होते, कशी वाढते, कडा कुठे आहेत, कधी विरते, हे पाहा. आधी नुसती खाज असते, मग ‘मला खाज सुटली आहे’ असा विचार येतो, मग हात उचलायची घाई. या तीन घटनांमध्ये फटी आहेत. त्या फटी पहिल्यांदा दिसल्या की उपेक्षा हा शब्द कोशातून उठून अंगावर येतो. आणि हात उचललाच गेला, तर उचलला गेला हेही पाहा. स्वतःवर रागावणे म्हणजे त्याच साखळीची पुढची कडी.

मांडणीबाबत दोन शब्द. पाली शब्द मी पाली रूपातच ठेवले आहेत, कारण उपेक्खा आणि उपेक्षा हे एकाच घरातले असले तरी त्यांचे संसार वेगळे आहेत. वाचकांनी दोन्ही रूपे मोठ्याने उच्चारून पाहावीत. प्रकरणे कालक्रमाने लावलेली नाहीत; बसणाऱ्याला अडचणी ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने लावली आहेत. त्यामुळे झोप आणि पेंगणे यांवरचे प्रकरण समाधीच्या बरेच आधी येते, आणि ‘आपल्याला जमू लागले आहे’ असे वाटण्यावरचे प्रकरण त्याच्या लगेच मागे आहे. संस्कृत-पालीची ओळख नसलेल्या वाचकाने बिचकू नये. या पुस्तकाचा कच्चा खर्डा मी प्रथम अशाच वाचकांना दिला होता, आणि सर्वांत अवघड प्रश्न त्यांनीच विचारले. पहिले प्रकरण श्वासाचे आहे. ते वाचायला घेण्याआधी पुस्तक मांडीवर ठेवून दोन मिनिटे स्वस्थ बसलात, तर त्यातला पहिला परिच्छेद तुम्हाला आधीच ठाऊक असेल.